‘ताज नुसताच बाहेरून दाखवला’ या अभिप्रायास आमच्या सहल कार्यालयाचे उत्तर

आदरणीय महोदय,

आमच्या मुंबई सहलीविषयीचा आपला अभिप्राय वाचला. नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या मंडळींना ताजमहाल हॉटेल नुसतेच बाहेरून दाखवले, आणि ‘इमारत उलटी, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, बांधली गेल्याचे पाहून वास्तुविशारदाने जीव दिला’ ही सर्वश्रुत गोष्टही आमच्या मार्गदर्शकाला ठाऊक नव्हती, अशा आपल्या दोन तक्रारी आहेत.

पहिली तक्रार पूर्णपणे मान्य आहे. पत्रकावर ‘ताज दर्शन’ असे आम्हीच ठळक अक्षरांत छापले होते आणि ते वाचून कोणालाही आत जायला मिळेल असेच वाटले असते. पत्रक आता दुरुस्त केले आहे. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे सीताबर्डीच्या कार्यालयात पावती दाखवल्यास परत मिळतील.

दुसऱ्या तक्रारीत मात्र दोष मार्गदर्शकाचा नाही, कारण ती गोष्ट सांगू नये ही सूचना माझी आहे. हॉटेलचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्य १९०० मध्ये, काम अपुरे असतानाच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते पूर्णत्वास नेले. जे वारले त्यांनी पूर्ण झालेली इमारत पाहिलीच नाही, आणि ज्यांनी ती पूर्ण केली ते पुढेही मुंबईत काम करीत राहिले. मग जीव दिला कोणी? मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होते, कारण घोडागाड्या तिकडूनच येत. पुढे प्रवेश समुद्राच्या बाजूला आला आणि जुन्या दर्शनी अंगणात पोहण्याचा तलाव झाला. शिवाय आज आपण ज्या गेटवेपाशी उभे राहून इमारतीचे तोंड कोणते हे ठरवतो, तो गेटवेच १९२४ मध्ये खुला झाला. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीच सुरू झाले होते.

मधला मोठा घुमट, कोपऱ्यांवरचे छोटे घुमट, झरोक्यांसारखे सज्जे आणि या भारतीय-इस्लामी वळणाला दिलेली युरोपीय मांडणी हे सारे रस्त्यावरूनच नीट दिसते, आणि शेजारचा १९७३ चा उंच टॉवर पाहिला की जुन्या भागातली कारागिरी अधिकच जाणवते. मार्गदर्शक त्यावर बराच वेळ बोलला, हे आपल्या अभिप्रायातही आले आहे (‘कंटाळवाणे’ या शब्दासह, ते असो).

खरे तर नागपूरकरांना सांगावे असे या इमारतीत पुष्कळ आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरातच एम्प्रेस मिल सुरू केली आणि त्यानंतर पाव शतकाने हे हॉटेल उभारले. आपली गाडी ज्या स्थानकात थांबली, त्या व्ही. टी.च्या (आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या) बांधकामावरही हेच वैद्य साहाय्यक अभियंता होते. हा दुवा त्या दिवशी सांगायचा राहून गेला, ही उणीव मात्र आमचीच. पुढच्या सहलीत गाडीतून उतरताच वैद्यांपासून सुरुवात होईल आणि गेटवेकडे वळण्यापूर्वी मंडळींना हॉटेलच्या मागच्या रस्त्याने, म्हणजे जिकडे त्याचे पहिले दार होते त्या बाजूने, नेले जाईल.

आपला,
संचालक