शेवटच्या साहेबांचा वध

गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी मुलाकडे ब्रिस्टलला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सूनबाईंनी माझ्यावर एक जबाबदारी सोपवली. नातू दहा वर्षांचा. त्याला मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीतूनच येते. तेव्हा तो वाचत असलेले पुस्तक मी रात्री झोपताना त्याला मराठीतून वाचून दाखवावे, म्हणजे त्याची भाषा सुधारेल, "आणि बाबा, तुमचाही वेळ जाईल." चौतीस वर्षे सरकारी कचेरीत इंग्रजी परिपत्रकांचे मराठी मसुदे केलेल्या माणसाला मुलांच्या गोष्टीचे कसले भय, अशा ऐटीत मी ते पुस्तक हाती घेतले. ते चारशे बारा पानांचे निघाले.

गोष्ट अशी, की एक मुलगा व्हिडिओ गेम खेळत असताना वीज कडाडते आणि तो पडद्यातून थेट इंग्रजी दंतकथांतल्या राजा आर्थरच्या दरबारात जाऊन आदळतो. परत यायचे तर सात लेव्हल पार करून शेवटच्या बॉसला मारायचे. इथवर मी सुखरूप पोचलो. पण 'बॉस' या शब्दाचे माझ्या तोंडून सवयीने 'साहेब' झाले. "तेव्हा त्या मुलाने शेवटच्या साहेबांना ठार मारण्याची प्रतिज्ञा केली," हे वाक्य उच्चारल्यावर, सेवाकाळात अनेकदा मनात येऊन गेलेली गोष्ट अखेर मोठ्याने बोलता आली म्हणून मला क्षणभर बरेच वाटले. पुढे त्या मुलाला 'तीन आयुष्ये मंजूर करण्यात आली', त्याला 'मोहिमेवर तात्काळ रवाना होण्याबाबत' आज्ञा झाली आणि त्याने रात्री खेळ 'वाचवला'. कोणापासून वाचवला, असे नातवाने विचारले, तेव्हा मी पान उलटले.

खरी पंचाईत झाली ती आर्थरला तलवार देणाऱ्या तळ्यातल्या बाईची. 'सरोवराच्या बाईसाहेब' म्हटले, तर त्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा समितीच्या सभापती वाटू लागल्या. 'जलदेवता' म्हटले, तर नातवाला कळेना. शेवटी मी सांगितले, की ही आपल्या साती आसरांपैकीच एक, आणि आसरा म्हणजे डोहात आणि विहिरीत राहून काठावरच्या माणसाला आत ओढणाऱ्या बाया. भाषांतर कमालीचे प्रभावी झाले असावे, कारण दुसऱ्या दिवशी नातवाने पोहण्याच्या वर्गाला जायला साफ नकार दिला आणि सूनबाईंनी माझ्याकडून खुलासा मागवला.

कालप्रवासाचे मात्र मला काही वाटले नाही. रेवतीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेलेला ककुद्मी राजा तिथले गाणे संपेपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात, हे आम्ही लहानपणीच ऐकलेले आहे. आर्थरच्या काळात माणूस धाडण्याची युक्तीही जुनीच. मार्क ट्वेनने ती १८८९ सालीच वापरली, आणि त्याचा अमेरिकन तर डोक्यात पहार बसून तिकडे पोचतो. माझी हरकत वेगळी होती. आर्थर नावाचा कोणी झालाच असेल, तर तो पाचव्या-सहाव्या शतकातला, ब्रिटन जमातीचा माणूस. त्याची भाषा आजच्या वेल्शची पूर्वज, आणि तो ज्या सॅक्सनांशी लढला त्यांच्याच बोलीतून पुढे इंग्रजी झाली. म्हणजे दरबारात पडताच हा मुलगा ज्या भाषेत "मी मित्र आहे" असे सांगतो, ती शत्रूची भाषा होय. गुप्तहेर म्हणून त्याची तिन्ही आयुष्ये पहिल्याच पानावर संपायला हवी होती. हे सारे मी नातवाला सविस्तर समजावले. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, सेटिंग्जमध्ये लँग्वेज बदलता येते."

मी इरेला पेटलो आणि दिवसा ग्रंथालयात बसून आर्थरचा अभ्यास सुरू केला. मूळ आर्थर कसा नेमस्त होता हे दाखवून त्या पुस्तकाचा निकाल लावावा, असा बेत होता. नवव्या शतकातल्या लॅटिन इतिहासात त्याच्या बारा लढायांची यादी आहे. त्यात आर्थरच्या सरदारांचे गोलमेज नाही, लान्सलॉट हा त्यांच्यातला नामांकित सरदार नाही, ते शोधत फिरतात ते पवित्र पात्रही नाही. मात्र बेडनच्या लढाईत आर्थरने एका हल्ल्यात, एकट्याने, ९६० माणसे मारली, असे तिथे लिहिलेले आहे. हे सांगताच नातू उठून बसला आणि त्याने तो कोणता चीट कोड, असे विचारले. गोलमेज वास नावाच्या कवीने ११५५ साली आणले, लान्सलॉट आणि पवित्र पात्र क्रेतिएन या फ्रेंच कवीच्या काव्यांतून आले, आणि मॅलरी या इंग्रज लेखकाने तुरुंगात बसून जुळवलेले सगळे १४८५ साली छापून निघाले. नातवाने हा सगळा तपशील 'अपडेट्स' या एका शब्दात फाइलबंद केला.

मॅलरीतला एक प्रसंग मात्र दोघांनाही आवडला. मर्लिन हा जादूगार आर्थरला विचारतो, तुला तलवार अधिक आवडते की म्यान? आर्थर म्हणतो, तलवार. मर्लिन सांगतो, म्यानाचे मोल दहा तलवारींचे आहे, कारण ते कमरेला असेपर्यंत कितीही जखमा झाल्या तरी तुझे रक्त सांडणार नाही. "आर्थर नूब आहे," असा निर्णय नातवाने दिला. त्या शब्दाचा अर्थ मी 'नवीन रुजू झालेला कर्मचारी' असा लावला, आणि तो बरोबर निघाला.

एका शनिवारी आम्ही विंचेस्टरला ते प्रसिद्ध गोलमेज पाहायला गेलो. साडेपाच मीटर व्यासाचे, बाराशे किलो वजनाचे हे ओकचे मेज मोठ्या दिवाणखान्याच्या भिंतीवर, घड्याळासारखे टांगलेले आहे. त्याचे पाय केव्हाच गेले. "यावर जेवायचे कसे?" असा रास्त प्रश्न नातवाने विचारला. मी फलकावरून सांगितले, की मेज आर्थरचे नव्हेच, ते साधारण १२९० सालचे आहे, आणि वरचे हिरवे-पांढरे पट्टे, चोवीस सरदारांची नावे आणि मधला दाढीवाला राजा आठव्या हेन्रीने रंगवून घेतला आहे. त्या आर्थरचा चेहरा हेन्रीचाच आहे, असे म्हणतात. नातू बराच वेळ मान वर करून पाहत राहिला. मग गेममधल्या पात्राचे रूप बदलतात त्या भाषेत म्हणाला, "स्किन बदलली." हेन्रीविषयी मी वाचलेल्या दोन जाड ग्रंथांत इतके नेमके वाक्य नव्हते.

त्या रात्री मी थकलो होतो. पुस्तक शेवटाला आले होते. जखमी आर्थर बेडिव्हियर या सरदाराला तलवार तळ्यात फेकायला पाठवतो आणि तो मोहाने ती झाडाखाली लपवून परत येतो आणि फेकली असे खोटेच सांगतो. मी गुपचूप सहा पाने एकदम उलटली.

"काय झालं मग?" नातवाने डोळे मिटूनच विचारले.

"काही नाही. वाऱ्याने पाणी हललं."

"खोटं. परत जा."

मी तीन पाने मागे गेलो आणि पुन्हा वाचू लागलो.

"आणि आता?"

"लाटा होत्या. दुसरं काही नाही."

त्याने डोळे उघडले. मी निमूटपणे उरलेली तीन पानेही मागे उलटली, चष्मा पुसला आणि शेवटच्या साहेबांना पहिल्या वारापासून मारायला घेतले.