पार विझेपर्यंत? नको!

‘निकेल-कॅडमियम बॅटरी दर वेळी पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा एका लेखात वाचलेला सल्ला अर्धाच खरा. आमच्या वेंगुर्ल्यात पावसात लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून ओटीवर चार्जिंगचा दिवा कायम टांगलेला. त्यात तीन सेल एकापुढे एक. दिवा पार विझेपर्यंत ठेवला की कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले दोघे त्याला उलटा चार्ज करतात, म्हणजे त्याची अधिक-उणे टोकं उलटतात आणि तो बिघडतो. आमचा असाच गेला. उघडला तर स्प्रिंग गंजलेली, टोकाला पांढरी भुकटी. सेलच्या आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड (कातडी भाजणारं रसायन) झिरपून सुकलेलं, उघड्या हातानं पुसू नका. (मी पुसलं, बोटं चुरचुरली.)

सेल असतो 1.2 व्होल्टचा; 1 व्होल्टवर आला की थांबावं, म्हणजे उजेड मंदावला की बंद. चार्जिंगचं म्हणाल तर 600 मिलीअँपिअर-तासाच्या (ही सेलची साठवण) सेलला 60 मिलीअँपिअरनं दहा नाही, 14 ते 16 तास लागतात, कारण थोडी वीज वायाच जाते. भरला की सेल गरम होतो, व्होल्टेज किंचित घसरतं. चांगले चार्जर तेवढ्यावरून थांबतात. साध्याला घड्याळच लावा.

आणि मेलेले सेल व्हाळात (ओढ्यात) टाकू नका हो, कॅडमियम विषारी आहे.