आम्हाला वेगळा रविवार नको

जय ख्रिस्त मंडळी.

जून आला की पुण्या-मुंबईचे काही मित्र, मनाने चांगले, म्हणतात, जून हा समलिंगी लोकांचा प्राइड महिना, तुमच्या चर्चमध्येही एखादा प्राइड रविवार ठेवायला सांग ना. मी नवापूर तालुक्यातल्या एका मिशनच्या मंडळीत वाढलो, मी गे आहे, आणि मला तो रविवार नको. जूनमध्ये आमच्याकडे माणसं बियाणं आणि उधारीच्या मागे असतात, हे एक. खरं कारण वेगळं आहे. मंडळीच्या वर्षभरातल्या सणांत आणि वाचनांत आम्ही आधीपासूनच आहोत. फक्त आमच्याशी आलं की पान उलटलं जातं.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे घ्या. भर उन्हात बारा ते तीन उपासना, वर पत्रे तापलेले, पाळकसाहेबांचा सदरा पाठीला चिकटलेला. बायबलातल्या यशया संदेष्ट्याचा अध्याय ५३ वाचतात, वधासाठी नेलेल्या मेंढराचा. आज्या पदराने डोळे पुसतात. कविताच आहे ती, आणि वाचणारा नीट असला तर मराठीतही कविताच राहते. आता प्रेषितांची कृत्ये उघडा, अध्याय ८. रथात बसून हेच मोठ्याने वाचणारा माणूस कोण? हबशी राणीच्या खजिन्याचा कारभारी, षंढ. यरुशलेमेला उपासनेला जाऊन परत निघालेला. 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या अध्याय २३ प्रमाणे तर अशा माणसाला मंडळीत यायलाच बंदी. एवढ्या लांबून आलेल्याला तिथे कुठवर आत घेतलं असेल, कोण जाणे. वाटेत भेटलेल्या फिलिप्प या सुवार्तिकाला तो विचारतो, हे पाणी आहे, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत? फिलिप्प कमिटी बोलावत नाही. दोघे पाण्यात उतरतात.

तो आजच्या अर्थाने गे होता, असं मी म्हणत नाही. पण बायको-पोरं-वंश या हिशोबात न बसणारा होता. त्याच्या हातातली गुंडाळी आणखी तीन अध्याय पुढे नेली की यशया ५६ लागतो: षंढाने स्वतःला वठलेलं झाड म्हणू नये, त्याला देव आपल्या घरात मुलामुलींहून चांगलं नाव देईल. कृत्ये ८ वर मी चिक्कार संदेश ऐकलेत. सगळे बाप्तिस्म्यावर, नाहीतर सुवार्ता सांगायची संधी कशी साधावी यावर. तो माणूस कोण होता, ते घाईत गिळलं जातं. आमच्यात काय वाचायचं ते पाळकांच्या मनावर असतं. जिथे वाचनं ठरलेली आहेत तिथेही गंमतच: कॅथलिकांत हा उतारा पुनरुत्थानकाळाच्या (ईस्टरपासूनच्या आठवड्यांच्या) तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी येतो. गुरुवारी मिस्साला असतं कोण? बऱ्याच प्रॉटेस्टंट पंथांच्या सामायिक वाचनांत तो रविवारी आहे, पण तीन वर्षांतून एकदा. २०२४ साली २८ एप्रिलला होता.

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, मरियेचं गाणं वाचतात, लूक १. अधिपतींना आसनांवरून ओढून काढलं, दीनांना उंच केलं, धनवानांना रिकाम्या हातांनी लावून दिलं. आणि समोर निम्मी बाकं रिकामी, कारण माणसं दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेली. कॅरोलला फिरलं की दारांना कुलपं, नाहीतर ओट्यावर एखादी म्हातारी आणि दोन नातवंडं. तिकडे मजुरीचा हिशोब कोयत्यावर. एक कोयता म्हणजे जोडी: एक तोडणार, एक मोळी बांधणार. बहुतेक नवरा-बायको, पण कधी दोघे भाऊ, कधी बाप-लेक. मुकादम काही संत नाही, उचलीच्या हिशोबात रक्त काढतो. पण समोर उभे राहिलेले दोघे एकमेकांचे कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मंडळीच्या रजिस्टरात मात्र मी चाळिशीला टेकलो तरी लग्न नाही म्हणून अजून 'तरुण संघ'.

२०२३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने आमच्या लग्नाला मान्यता नाकारली. डिसेंबरात, ऐन आगमनकाळात, व्हॅटिकनने सांगितलं की अशा जोडप्यांना आशीर्वाद देता येईल, पण उपासनाविधीत नाही, आणि लग्नासारखा दिसेल असाही नाही. धुळ्याच्या एका कॅथलिक मित्राचा मेसेज आला, "ओसरीपर्यंत आलो रे."

मे महिन्यात लग्नं. पत्रिकेवर रूथचं वचन छापलेलं असतं: तू जाशील तेथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक. जणू नवरीच नवऱ्याला म्हणतेय. म्हटलंय ते एका विधवेने दुसऱ्या विधवेला, सुनेने सासूला. परमुलखातली बाई, लोकांच्या शेतात सरवा वेचून दोघींचं पोट भरणारी. यहुदी लोक हे पुस्तक सप्ताहांच्या सणाला वाचतात, पवित्र आत्मा उतरला तो आपला पेंटेकॉस्ट त्याच सणाच्या दिवशी झाला. आपल्याकडे ते पत्रिकेपुरतं. मंडपात पेटीवर बहुतेक वेळा मीच असतो. त्या ओळी आल्या की बोटं पट्ट्यांवर नीट पडतायत ना, एवढंच बघतो.

तर पाळकसाहेब, झेंडा नको, पोस्टर नको. पुढच्या पुनरुत्थानकाळात एका रविवारी कृत्ये ८, वचन २६ ते ४०, काहीही न गाळता वाचू द्या, आणि लगेच यशया ५६. संदेश दिला नाहीत तरी चालेल. वाचायला मी उभा राहतो.

आता खाली कमेंटमध्ये 'सदोम' येणारच, देवाने जाळलेलं ते शहर, आमच्यासारख्यांवर नेहमी फेकलं जाणारं. त्याआधी यहेज्केल १६:४९ काढून बघा. सदोमेचा दोष तिथे सरळ लिहिलाय: गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख, आणि गरीब-गांजलेल्यांना हात न देणं. ते वाचून झालं की मग उचल देणाऱ्या मुकादमावर आणि नाताळच्या वर्गणीत सगळ्यात मोठी पावती कुणाच्या नावे फाटते, यावरही बोलू.