लॉन माझं, दूर्वा काकांच्या

माझ्या दूर्वा निकृष्ट आहेत, असं आज सकाळी साडेसहाला मला माझ्याच अंगणात उभं करून सांगण्यात आलं.

धायरीतलं हे रो-हाउस आम्ही रीसेलमध्ये घेतलं. एजंटने ‘पुढे प्रायव्हेट लॉन’ म्हणून दाखवलं तेव्हा पावसाळा होता आणि सगळंच हिरवं होतं. त्यातलं निम्मं गाजरगवत निघालं. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि मग देशभर पसरलं. म्हणजे आमच्या गल्लीतल्या बहुतेकांपेक्षा ते जुनं पुणेकर. उपटायला गेलो तर अंगभर खाज आणि शिंका. नवे आम्ही, जुळवून आम्हीच घ्यायचं.

ते काढलं तर खाली लव्हाळा. संतांनी लव्हाळ्याच्या नम्रतेचे गोडवे गायले, पण त्यांना लॉन करायचं नव्हतं. पुरापुढे वाकत असेल, खुरप्यापुढे वाकत नाही. वरची पात हातात येते आणि काळी गाठ जमिनीतच राहते. त्या गाठीला मुळी, मुळीला पुढची गाठ. अशी एक माळ उकरत गेलो तर ती बिल्डरच्या राडारोड्यात शिरलेली. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, गुटख्याच्या पुड्या आणि एक अख्खी गंजलेली थापी. या सगळ्यावर वीतभर लाल माती पसरली की त्याला ‘गार्डन’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लागतात.

कृषी सेवा केंद्रात औषध मागितलं.

“ऊस किती एकर?”

“ऊस नाही, लॉन आहे. तीनशे स्क्वेअर फूट.”

दुकानदाराने मनात हिशोब केला, शेजारच्या गिऱ्हाइकाला “पाव गुंठा” असं सांगितलं आणि दोघंही मनापासून हसले.

असो. माती बदलली, शेणखत घातलं, मेक्सिकन लॉनचे तुकडे आणून अंथरले. आणि त्यांच्या सांध्यासांध्यांतून हरळी वर आली. तिच्यासाठीच आज काका आले होते.

स्वेटर, माकडटोपी, हातात किराणा दुकानाची पिशवी. फाटकाची कडी स्वतःच काढून, मेक्सिकन लॉनच्या मधोमध उकिडवे बसलेले. मी दार उघडलं तरी उठले नाहीत.

“या,” ते म्हणाले. माझ्या घरी, मला.

“काका, काय शोधताय?”

“संकष्टी नाही का आज? एकवीस लागतात. तुमच्याकडे अकराच धड मिळाल्या.” चश्म्याजवळ एक काडी धरून त्यांनी ती उजेडात फिरवली. “हे बघा, तीन पानं हवीत, कोवळी. ही जून झालीय. खत काय घालता?”

“काका, मी हरळी काढतोय. ती मला नकोय.”

त्यांनी प्रथमच वर पाहिलं. “दूर्वा नकोत?”

“लॉन हवंय.”

“आधीच्यांच्या वेळी काय दूर्वा होत्या इथे! ते बिचारे काहीच करायचे नाहीत.” मग माझ्या पायांकडे पाहून, “आणि चपला काढा हो, देवाला वाहायच्यात.”

मी चपला काढल्या. दव होतं, पाय गारठले. काका मात्र बूट घालून बसले होते.

पुण्यात पहाटेची ही जमात निराळीच. छत्रीच्या मुठीने दुसऱ्याची जास्वंद खाली ओढायची, पिशवी भरायची आणि कुणी हटकलंच तर “देवासाठी हो” म्हणायचं. यांचा देव नर्सरीतून विकत आणलेली फुलं घेत नाही बहुधा. घराचा हप्ता मी भरतो, टँकरचं पाणी मी घालतो, मुंग्या मला चावतात आणि पुण्य वॉकला निघालेल्यांना मिळतं. बरं, त्यांना फक्त दूर्वा न्यायच्या असत्या तर गोष्ट वेगळी. नापसंत काड्यांचा ढीग त्यांनी नीट रचून माझ्या पायाशी ठेवला. “हे तुमचं.”

उठताना त्यांनी गुडघ्याला आधार म्हणून माझा खांदाही वापरला. “पुढच्या संकष्टीपर्यंत मशीन फिरवू नका. आदल्या दिवशी संध्याकाळी पाणी मारून ठेवा, म्हणजे सकाळी टवटवीत मिळतात. आणि गणपतीत मुलीकडेही द्यायच्यात, तेव्हा या भिंतीकडची बाजू तशीच सोडा.”

मी आत येऊन जाहीर केलं की आजच फाटकाला कुलूप लागणार. बायको पोहे परतत होती. “लावू नकोस. त्यांच्याकडूनच कढीपत्ता आणते मी.”

म्हणजे हा करार मला न विचारता आधीच झालेला होता. त्यातही एक मेख आहे. त्यांच्या कढीपत्त्याला हात लावायच्या आधी फोन करावा लागतो, आणि दुपारी एक ते चार तो उचलत नाहीत.