पाडल्याशिवाय सुधारत नाही?
झोपडपट्टी पुनर्विकासावरच्या लेखातलं ‘वस्ती पाडल्याशिवाय सुधारत नाही’ हे वाक्य खटकलं. पुण्यात येरवड्याला जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा योजनेच्या पैशातून वस्ती न हलवताच घरं झाली की! पक्की घरं तशीच ठेवली, कच्ची तेवढी पाडून तिथेच साधारण २७० चौरस फुटांची नवी बांधली. महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या बचत संघटनेच्या बायका त्यात पुढे होत्या, आराखड्यांवर घरमालकांशी चर्चा झाली, खर्चाचा १० टक्के वाटा लोकांनी स्वतः भरला. मुख्य म्हणजे शेजार तुटला नाही. (वस्ती पाडून टॉवर बांधला, तर सातव्या मजल्यावर राहणाऱ्याने हातगाडी लावायची कुठे, हे एकदा कोणी सांगा.) काम सोपं नाही, दाट गल्लीत साधी वाळू नेतानाही जीव जातो. पण टॉवरसारखे यात बिल्डरला बाहेर विकायला फ्लॅट उरत नाहीत, खरी अडचण तीच असावी.