डिझेल गोठलं म्हणून टाकीत पेट्रोल? आधी हे वाचा, मग कॅन उघडा

परवा रात्री पावणेतीनला भाच्याचा फोन आला. लांबच्या बर्फाळ हायवेवर तो ट्रेलर चालवतो. बाहेर उणे २७ अंश, चढावर गाडीने हळूहळू पिकअप सोडला आणि कडेला येऊन बंद पडली. "मामा, एकाकडून दोन कॅन पेट्रोल आणलंय. टाकीत ओततोय. चालेल ना?"

कुणी सांगितलं, विचारलं. म्हणे ग्रुपवर आलंय. दुसऱ्या मिनिटाला मेसेज माझ्या फोनवर. तो मला आधीच दोन ठिकाणांहून आलेला होता, मी न वाचता सोडून दिला होता. तेव्हाच वाचायला हवा होता. सुरुवात अशी: "ट्रकवाल्या भावांसाठी! डिझेल गोठलं तर घाबरू नका. ७ रामबाण उपाय. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल."

माझी हयात डिझेल इंजिनांचे इंधन पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात गेली. जीव वाचवण्याचं सोडा, या सातांतला एक उपाय गाडीचा पंप खाईल आणि तो दुसऱ्या एकाशी जोडला तर माणूसही खाईल. म्हणून हे लिहितोय. क्रमाने जातो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

"१. चांगलं डिझेल गोठतच नाही. गोठलं म्हणजे भेसळ."

साफ चूक. गोठतं ते डिझेलमधलं मेण, आणि ते बाहेरून कुणी घातलेलं नसतं. डिझेल हे लहानमोठ्या लांबीच्या हायड्रोकार्बन साखळ्यांचं मिश्रण आहे. त्यातल्या लांब, सरळ साखळ्या म्हणजे पॅराफिन. गंमत अशी की हेच पॅराफिन डिझेलला झटकन पेटायला मदत करतात, म्हणजे एरवी ते हवेच असतात. थंडी वाढली की त्यांचे बारीक स्फटिक होतात आणि डिझेल गढूळ दिसू लागतं. त्या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात. आणखी खाली गेलं की स्फटिक एकमेकांत अडकून फिल्टरवर थर धरतात. टाकीतलं डिझेल तेव्हाही हलवलं तर डुचमळतं, पण ट्रकच्या फिल्टरची छिद्रं काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, त्यातून ते जात नाही. म्हणून गाडी एकदम बंद न पडता आधी पिकअप सोडते. पूर्ण थिजून न वाहण्याचं तापमान, पोअर पॉइंट, त्याच्याही खाली असतं. बहुतेक ड्रायव्हर तिथवर पोचतच नाहीत, फिल्टर आधीच जीव सोडतो.

भेसळ नव्हे, चुकीच्या हंगामाचं डिझेल, हे खरं कारण. उबदार भागात भरलेली टाकी घेऊन माणूस बर्फात शिरतो. युरोपच्या ईएन ५९० या डिझेलच्या मानकात याची सरळ प्रतवारीच आहे. समशीतोष्ण हवेसाठी ए ते एफ असे सहा ग्रेड. त्यांत फिल्टर तुंबण्याचं तापमान अधिक ५ पासून उणे २० पर्यंत. कडक थंडीसाठी ० ते ४ असे पाच आर्क्टिक वर्ग, उणे २० पासून उणे ४४ पर्यंत. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंश पोअर पॉइंटचं वेगळं हिवाळी डिझेल काढलं ते याचसाठी. "चांगलं डिझेल" अशी एकच वस्तू असती तर एवढे ग्रेड कशाला काढले असते?

"२. तीन भाग डिझेलला एक भाग पेट्रोल. जुने ड्रायव्हर हेच करायचे."

हा तो मुद्दा. इथे मी थांबणार आहे.

आधी कबुली देऊन टाकतो, नाहीतर कुणीतरी जुनं पुस्तक काढून माझ्या तोंडावर मारेल. हो, जुने ड्रायव्हर करायचे. काही जुन्या डिझेल गाड्यांच्या मालक-पुस्तिकांतही हिवाळ्यात थोडं पेट्रोल मिसळायची परवानगी असायची. तो काळ इनलाइन पंपाचा. त्यातल्या बऱ्याच पंपांना वंगण इंजिन ऑइलचं मिळायचं, दाब काही शे बार. ती गाडी घासलेटावरही कुरकुरत चालायची. एवढी अर्धी गोष्ट खरी आहे, आणि या अर्ध्या खऱ्यानेच घात केलाय.

आजच्या ट्रकला कॉमन रेल आहे, म्हणजे एकाच नळीतून (रेल) सगळ्या इंजेक्टरांना, इंधनाचा फवारा मारणाऱ्या नोझलना, दाबलेलं डिझेल जातं. दाब दोन हजार बारच्या घरात, कित्येक इंजिनांत त्याच्याही वर. आणि त्या हाय प्रेशर पंपाला वंगण कशाचं? त्यातून वाहणाऱ्या डिझेलचंच. म्हणून ईएन ५९० मध्ये वंगणक्षमतेची वेगळी कसोटी आहे: डिझेलात बुडवलेल्या पत्र्यावर पोलादी गोळी घासायची, गोळीवर उमटणारा झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा होता कामा नये. पेट्रोलमध्ये तो गुण नाही. चार भागांत एक भाग पेट्रोल म्हणजे पंपाच्या प्लंजरला कोरडं घासायला लावणं. धातूचा कीस सुटतो, तो रेलमध्ये जातो, तिथून प्रत्येक इंजेक्टरमध्ये, आणि रिटर्न लाइनने परत टाकीतही. असे पंप मी उघडलेत. आत चांदीच्या रंगाची पूड चकाकत असते. मग एकटा पंप बदलून भागत नाही. इंजेक्टर, रेल, पाइप, सगळं काढायचं आणि टाकी धुवायची.

पुढची गंमत. पेट्रोल मुद्दामच असं बनवतात की दाबाखाली ते आपोआप पेटू नये, नाहीतर पेट्रोल इंजिन ठोकायला लागेल. डिझेल इंजिनाला नेमकं उलटं लागतं: दाबलं की पेटलं पाहिजे. डिझेलचा हा गुण सिटेन आकड्याने मोजतात, ईएन ५९० मध्ये तो किमान ५१ हवा. पेट्रोल घातलं की तो घसरतो. म्हणजे उणे २७ मध्ये, बॅटरी अर्धमेली, इंजिनचा ब्लॉक बर्फासारखा, आणि तुम्ही इंधन पेटायला आणखी अवघड करून ठेवलंत. याला रामबाण म्हणतात!

बरं, एवढं करून मेण तरी विरघळतं का? पेट्रोल थिजलेल्या मेणाला फारसं हात लावत नाही. ते फक्त मिश्रण पातळ करतं, क्लाउड पॉइंट काही अंशांनी खाली येतो, बस. फिल्टरवर आधीच बसलेला थर तिथेच राहतो, कारण तुम्ही ओतलेलं पेट्रोल टाकीत आहे आणि थर फिल्टरवर.

आणि आता आग. ईएन ५९० प्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट ५५ अंशांच्या वर असलाच पाहिजे. म्हणजे ५५ पर्यंत त्याच्यावर पेट घेण्याइतकी वाफच साठत नाही. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० च्या आसपास. डिझेलात थोडंसं पेट्रोल गेलं तरी मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट धाडकन खाली येतो. कायद्याच्या आणि शास्त्राच्या दोन्ही भाषांत ते मग डिझेल राहत नाही. मला तर हा एक आकडा पुरेसा आहे, बाकीचा वाद इथेच संपतो. पण एक शंका नेहमी येते: "पेट्रोल गाडीच्या टाकीत तर निव्वळ पेट्रोल असतं, ती का फुटत नाही?" चांगला प्रश्न आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेटते. एरवीच्या हवामानात बंद पेट्रोल टाकीत वाफ त्याहून कितीतरी जास्त असते, हवा कमी पडते. डिझेलच्या टाकीत वाफ त्याहून कितीतरी कमी असते. दोन्ही टोकांना सुरक्षितता आहे. तुम्ही दोन्ही मिसळलंत की वाफ मधल्या धोक्याच्या पट्ट्यात येऊ शकते. वर रिटर्न लाइनने इंजिनकडून गरम झालेलं इंधन त्याच टाकीत येत राहतं.

"३. टाकीखाली शेगडी ठेवा किंवा ब्लो लॅम्पने गरम करा."

मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःची यादी एकदा तरी सलग वाचली का? दुसऱ्या क्रमांकाला टाकीत पेट्रोल घाला, तिसऱ्याला त्याच टाकीखाली आग लावा. हजारो लोकांनी हे "जीव वाचेल" म्हणून पुढे ढकललंय. भाच्याला मी फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा कुठे त्याने कॅनचं झाकण बंद केलं.

निव्वळ डिझेल असलं तरी आग नकोच. टाकीजवळून ब्रेकच्या हवेच्या नायलॉन नळ्या जातात, वायरिंग जातं, डिझेलचे प्लॅस्टिक पाइप जातात. खालून गरम केलं तर टाकीचा तळ तापतो आणि मेण अडकलंय ते फिल्टर थंडच राहतं. गरम करायचंच असेल तर ते फिल्टर आणि त्याकडे येणारी लाइन, आणि तेही ज्वाळेने नाही. गरम पाण्यात पिळलेली फडकी फिल्टरच्या डब्याला गुंडाळा, गरम हवेचा ब्लोअर लावा. सगळ्यात उत्तम म्हणजे गाडी ओढून उबदार शेडमध्ये नेणं. तिथेही तास लागतात. एकदा तयार झालेलं मेण पुन्हा विरघळायला क्लाउड पॉइंटच्या थोडं वरच जावं लागतं.

"४. रात्रभर इंजिन चालू ठेवा."

थोडं खरं आहे. चालू इंजिनचं रिटर्न डिझेल टाकीला ऊब देतं, मान्य. पण नुसत्या आयडलवर ट्रक तासाला तीनेक लिटर डिझेल जाळतो, कडाक्याच्या थंडीत इंजिन पुरतं तापतही नाही, आणि काजळीचा फिल्टर भरत जातो. टाकीत उन्हाळी डिझेल असेल तर सकाळी चालू इंजिनच फिल्टरवर मेण ओढून बंद पडलेलं असू शकतं.

"५. गोठल्यावर अँटी-जेलची बाटली ओता, १० मिनिटांत पातळ."

उशीर झाला. अँटी-जेल मेण विरघळवत नाही. स्फटिक तयार होतानाच ते त्यांना मोठं होऊ देत नाही, बारीक ठेवतं, म्हणजे ते फिल्टरमधून निघून जातात. त्यामुळे डिझेल अजून कोमट असताना, भरण्याच्या आधी किंवा भरतानाच ते टाकीत पडलं पाहिजे, म्हणजे मिसळतंही. गोठलेल्या टाकीवर ओतलं तर वर तरंगत बसतं. गोठल्यानंतर वापरायची वेगळी, विद्रावक असलेली औषधं मिळतात. ती चालतात, पण सोबत नवीन फिल्टर लागतोच, आणि १० मिनिटं वगैरे विसरा.

"६. पेट्रोल नसेल तर घासलेट."

सातांतला हा त्यातल्या त्यात शहाणा. हिवाळी डिझेलात रिफायनरीही केरोसीनसारखाच हलका भाग वाढवते. ढोबळमानाने दर दहा टक्क्यांना दीड-दोन अंशांचा फरक पडतो. म्हणजे उणे ५ चं डिझेल उणे २७ ला न्यायला टाकीभर घासलेटच लागेल! शिवाय दुकानातल्या घासलेटात गंधक किती, कुणी बघतं का? आजच्या डिझेलात ते १० ते १५ पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत इतके भाग) चालतं, घासलेटात त्याच्या कितीतरी पट असू शकतं. सायलेन्सरमधल्या महागड्या कॅटॅलिस्टची वाट लागते. वंगण कमी पडतं ते वेगळंच.

"७. टाकी कायम फुल ठेवा आणि युरियाच्या टाकीत थोडं गरम पाणी घाला."

पहिला अर्धा भाग बरोबर आहे, लिहिणाऱ्याच्या हातून चुकून घडला असावा. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, दव कमी, पाणी कमी. पाणी शून्यालाच गोठतं, आणि कित्येकदा "डिझेल गोठलं" म्हणतात तेव्हा खरं तर सेपरेटरमध्ये, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या डब्यात, बर्फ झालेला असतो. म्हणून सेपरेटरमधलं पाणी रोज काढून टाकायचं. पण ती फुल टाकी उन्हाळी डिझेलची असेल तर तीच फास होते, कारण हिवाळी डिझेल मिसळायला जागाच उरत नाही. थंड भागात जायचंय तर टाकी थोडी रिकामी घेऊन जा आणि तिथलं डिझेल तिथे भरा.

युरियाचं मात्र डोकं धरावं असं. धुरातले विषारी वायू कमी करायला ट्रकमध्ये युरियाचं द्रावण वेगळ्या टाकीत ठेवतात. त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो, तो मुद्दाम. याच प्रमाणाला ते सर्वांत खाली, उणे ११ ला गोठतं. पाणी घातलं की ते उलट लवकर गोठणार. सेन्सर चूक पकडणार आणि गाडी ताकद कापणार. ते गोठलं तरी काळजी नको, त्या टाकीला हीटर दिलेला असतो, गाडी चालू झाली की वितळतं.

भाच्याला त्या रात्री काय सांगितलं, ते एवढंच: स्टार्टर मारणं बंद कर, बॅटरी आणि कोरडा पंप दोन्ही जातील. टो बोलाव. शेडमध्ये गाडी तापू दे, दोन्ही फिल्टर नवीन घाल, प्रायमरने (इंधनाच्या हातपंपाने) लाइनमधली हवा काढ, मग चालू कर. आणि टाकीत तिथलं हिवाळी डिझेल भर.

सकाळी त्याने कापलेल्या फिल्टरचा फोटो पाठवला. घड्यांमध्ये पांढरट मेण भरलेलं. खाली लिहिलं होतं, "मामा, गाडी चालू. पेट्रोलच्या दोन कॅनांचं काय करू?"

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत टाक, म्हटलं.