इतवारीतला गल्ला आणि चालू खातं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

चालू खात्यावरच्या, म्हणजे धंद्यासाठीच्या बँक खात्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की मी मोठ्या बँकांची वकिली करतो. नागपूरच्या इतवारीत तुमचं मसाल्याचं दुकान आहे, संध्याकाळी पतसंस्थेचा माणूस गल्ल्यावरून रोकड घेऊन जातो, क्यूआर घरच्या बचत खात्याला जोडलेला आहे. मोठ्या बँकेचं खातं म्हणजे मिनिमम बॅलन्सचा दंड, हे तुमचं म्हणणं. इतवारी-गांधीबागेत बरेच जण असंच करून राहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पतसंस्था. दारात येऊन रोकड नेणं ही खरी सोय आहे. पण पतसंस्था ही बँक नव्हे. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारी भरपाई, व्यापारी बँकांना आहे, नागरी सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. फेब्रुवारी २०२० पासून हा विमा एका ठेवीदाराला एका बँकेत व्याज धरून ५ लाखांपर्यंत मिळतो. प्रोप्रायटरचं दुकानाचं खातं आणि त्याचं स्वतःचं बचत खातं एकाच बँकेत असेल, तर दोन्ही मिळून ५ लाखच, हेही लक्षात ठेवा. मोठी बँक अडचणीत येत नाही असं मी कधीच म्हटलं नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या खातेदारांना काही दिवस ५०,००० रुपयांच्या वर काढता येत नव्हते. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेत तर सुरुवातीला १,००० रुपयांचीच मुभा होती. दुकानाचा पैसा असा अडकला की दिलेला चेक परत येतो आणि घाऊक व्यापारी पुढचा माल उधार देत नाही. म्हणून माल भरायचा पैसा जिथे विमाच नाही तिथे ठेवू नका, एवढाच माझा आग्रह आहे.

आता दंडाचं. समजा मिनिमम बॅलन्स १०,००० रुपये आहे. तेवढे रोज खात्यात पडून हवेत, असा बहुतेकांचा समज असतो. बँक बघते ती सरासरी. रोज रात्री खात्यात जी रक्कम उरते तिची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचं. ९० दिवसांच्या तिमाहीत १०,००० सरासरी म्हणजे बेरीज ९ लाख. ३ लाख रुपये तीन रात्री खात्यात राहिले की तिमाहीचं काम झालं. तुमच्या धंद्यात हे नेमकं उपयोगी आहे. वर्षभराचं तिखट-हळद लोक उन्हाळ्यात भरतात, जुलै मंदीत जातो, सप्टेंबरात सणाच्या मालाचा पैसा फिरायला लागतो. सरासरी तिमाही असेल तर सप्टेंबर जुलैला सांभाळून घेतो. मासिक असेल तर जुलैचा दंड जुलैतच लागतो. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी हा एक प्रश्न विचाराच.

पण तुमच्यासाठी दंडापेक्षा महाग पडणारी ओळ वेगळी आहे: रोख भरण्याचं शुल्क. समजा महिन्याला २ लाखांपर्यंत भरणा मोफत आणि पुढे हजारी ४ रुपये. तुमचा रोजचा रोख गल्ला २०,००० धरला तर २६ दिवसांत ५ लाख २० हजार होतात. वरच्या ३ लाख २० हजारांवर १,२८० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला १,५१० रुपये. हे दर उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक बँकेत आणि खात्याच्या प्रत्येक प्रकारात ते वेगळे असतात. खातं उघडून देणारा पोरगा ॲप, कार्ड, चेकबुक सगळं दाखवतो. शुल्कपत्रकातली ही ओळ तुम्हालाच शोधावी लागते. दुसऱ्या शाखेत भरणा केला तर किती लागतील आणि मशीनमध्ये भरले तर किती, तेही तिथेच लिहिलेलं असतं. ज्याची विक्री बहुतेक यूपीआयवर आहे त्याने या ओळीकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. तुम्ही करू नका.

आणि बचत खात्याला क्यूआर जोडला तर काय बिघडलं? व्यवसायासाठी बचत खातं वापरणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही, हे एक. खरं नुकसान पुढे, कर्जाच्या वेळी होतं. लहान व्यवसायाला खेळतं भांडवल, म्हणजे माल भरायला आणि रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, कर्जाऊ देताना बँका अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के हा हिशेब धरतात. ६० लाखांची उलाढाल मान्य झाली तर १२ लाखांच्या कर्जमर्यादेबद्दल बोलता येतं. पण त्याच खात्यात किराणा, शाळेची फी, मेव्हण्याने परत केलेले पैसे असं सगळं मिसळलेलं असेल, तर त्यातली दुकानाची उलाढाल मॅनेजरने कशी ओळखायची? मग तुम्ही सावकाराकडे जाता. इतवारीत महिन्याच्या टक्केवारीने कर्ज घेणारे माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण धंदा चांगला असूनही तो कागदावर दिसत नाही.

पतसंस्थेत रोजची थोडी बचत चालू ठेवायची तर ठेवा. दुकानाची विक्री मात्र दुकानाच्या नावाच्या चालू खात्यात जाऊ द्या. गुमास्त्याची (दुकान नोंदणीची) पावती, उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचं), जीएसटी असेल तर तेही, आणि पॅन-आधार घेऊन इतवारीतल्या दोन-तीन बँकांत जा. दुकानापासून चालत जाता येईल अशीच शाखा निवडा, रोकड घेऊन दुपारच्या गर्दीत सीताबर्डीला जाणं परवडायचं नाही. शुल्कपत्रकं हातात आली की रोजचा गल्ला आणि त्यातली रोख किती, ते इथेच लिहा. मी तुमच्या आकड्यांवर हिशेब मांडून देतो.